पुसून पुन्हा बुडवा

गाडीच्या माहितीपुस्तिकेत तेल तपासायची रीत दिली आहे. गाडी सपाट जागी उभी करायची, इंजिन बंद करून थोडा वेळ थांबायचं, डिपस्टिक बाहेर काढायची, कोरड्या फडक्याने पुसायची, परत पूर्ण आत घालायची, परत काढायची. आणि मग बघायचं. या ‘मग’पाशी मी अडकले. म्हणजे पहिल्यांदा जे बाहेर येतं ते बघायचंच नाही?

नाही बघायचं. इंजिन चालू असताना तेल आत सगळीकडे उडत असतं, पट्टीच्या नळीलाही लागतं. पट्टी ओढताना ते तिला वरपर्यंत माखतं. म्हणून पहिल्या वेळची पट्टी ‘तेल मुबलक आहे’ असं सांगते, आणि पुसून घातलेली काय ते खरं सांगते. आमचा प्लंबर, दूधवाला आणि सोसायटीचे सेक्रेटरी यांनाही असंच पुसून दुसऱ्यांदा विचारायला हवं, असं वाटून गेलं.

इतकी वर्षं गाडी चालवली, पण बॉनेट कधी उघडलं नव्हतं. पेट्रोल घालायचं, चाकांत हवा भरायची, दिवा लागला की गॅरेज. पुस्तिका ग्लोव्ह बॉक्समध्ये होती, अजून प्लास्टिकच्या पिशवीतच. मला छापलेलं वाचायला आवडतं. औषधाच्या बाटलीतला बारीक अक्षरातला कागदसुद्धा मी वाचते. मोबाइलवर गाडीदुरुस्ती शिकवणारे तरुण फार ओरडून बोलतात आणि त्यांचे हात पडद्यावर भराभर कुठेतरी जातात. पुस्तिका ओरडत नाही. शिवाय तिच्यावर तेलकट अंगठा उमटला तरी चालतो.

तर एका रविवारी सकाळी बॉनेट उघडून त्याला सळईचा टेकू लावला. दोन मिनिटांत वॉचमन आला.

“काकू, बंद पडली का?”

“नाही, चालू आहे.”

“मग?”

या ‘मग’ला खरोखर उत्तर नाही. आपल्याकडे बॉनेट उघडतं ते गाडी बंद पडल्यावर. चालत्या गाडीचं बॉनेट उघडणं म्हणजे धडधाकट माणसाने दवाखान्यात जाऊन बसण्यापैकी. वॉचमनपाठोपाठ दुसऱ्या मजल्यावरचे निवृत्त गृहस्थ आले, मग सायकलवाली दोन मुलं. गृहस्थांनी “माझ्या ओळखीचा चांगला मेकॅनिक आहे,” असं सांगितलं. पुरुष माणूस बॉनेटखाली वाकला असता तर त्यांनी ‘काय, प्लग का?’ असं विचारलं असतं, हे मला ठाऊक आहे. पण माणूस भला आहे. त्यांनीच पुढे दहाचा पाना आणून दिला.

पाना बॅटरीसाठी हवा होता. बॅटरीच्या एका टोकावर पांढरट-हिरवट भुकटी जमली होती. गरम पाण्यात खायचा सोडा घालून ते वर ओतलं की ती फसफसून निघून जाते, आणि खालचं शिसं उघडं पडतं. यात एक क्रम पाळावा लागतो: सोडताना आधी ऋण टोक, जोडताना शेवटी ऋण टोक. गाडीची सगळी लोखंडी अंगकाठी ऋण टोकाला जोडलेली असते. ते जोडलेलं असताना धन टोकाचा नट सोडायला गेलात आणि पाना पत्र्याला टेकला, तर ठिणगी उडालीच. दोन्ही टोकं पुसून कोरडी केली, जोडली, वर व्हॅसलिनचं बोट फिरवलं. एवढ्याशा कामाचं जे समाधान मिळालं ते दिवाळीचा फराळ जमल्यावरही मिळत नाही. फराळ जमला की नाही हे निदान दहा जण ठरवतात.

बॅटरीच्या बाजूच्या कोनाड्यात शेंगांची टरफलं होती. शेंगा आमच्या नव्हेत. उंदरावर उपाय म्हणून वॉचमनने स्वतःच्या चंचीतली तंबाखू एका चिंधीत बांधून तिथे अडकवून दिली. उंदीर गेला, की त्याला व्यसन लागलं, हे अजून कळायचंय.

एअर फिल्टर तर क्लिपा सोडल्या की हातात येतो. घड्याघड्यांचा कागद, त्या घड्यांत धूळ, पंख, एक अख्खी गांधीलमाशी. तो काढून झटकायला पाच मिनिटं लागत नाहीत. गेल्या सर्व्हिसिंगच्या बिलात मात्र याच्यासाठी वेगळी ओळ होती, शिवाय कसलंसं ‘ड्रेसिंग’ आणि चाकांत नायट्रोजन. हवेत ७८ टक्के नायट्रोजन आधीच असतो, त्याचे पैसे अजून कुणी घेत नाही. आमच्या त्या गॅरेजात आता काचेची खोली आहे, कॉफीचं यंत्र आहे, आणि काचेपलीकडे आपली गाडी आपल्याला दिसते पण तिच्याजवळ जाता येत नाही. मला जुनी गॅरेजं आवडायची. पिंपळाखालची, ज्यांच्या जमिनीचा वरचा थर मातीचा की ग्रीसचा हे सांगता येत नसे.

आणि मामाची फियाट. कुर्ल्याला प्रीमियर ऑटोमोबाइल्समध्ये बनलेली, पुढे जिला पद्मिनी म्हणू लागले ती. १०८९ सीसी, गिअरचा दांडा स्टिअरिंगलाच, पुढची सीट अखंड बाकासारखी, त्यामुळे पुढे मामा, मामी आणि मधे एक पोर मावायचं. दाराच्या पुढच्या त्रिकोणी काचा बाहेर वळवल्या की वारा थेट तोंडावर यायचा. सगळ्यांनी त्या काचांसाठी भांडायचं. मे महिन्यात दादरहून पुण्याला जायचं म्हणजे पहाटे निघायचं, कारण खरा प्रवास खोपोलीनंतर असे. एक्स्प्रेसवे तेव्हा नव्हता. तो पूर्ण खुला झाला २००२मध्ये. त्याआधी सगळी वाहतूक, ट्रकसुद्धा, एकाच बोरघाटातून.

खोपोली सोडली की मामा बोलणं बंद करायचा. डोळा तापमानाच्या काट्यावर. पुढे ट्रक, मागे ट्रक, दुसरा गिअर, मग पहिला. गाडीचा वेग कमी झाला की रेडिएटरला समोरून लागणारा वाराही कमी होतो, आणि चढावर इंजिन तर जिवाच्या आकांताने तापत असतं. काटा कलायला लागला की मामी डिकीतल्या पाण्याच्या कॅनची आठवण काढायची आणि मामा ‘शिंगरोबापर्यंत जाईल’ म्हणायचा. शिंगरोबाचं देऊळ घाटात जुन्या रस्त्याच्या कडेला आहे. इंग्रजांना बोरघाटातून वाट काढता येईना तेव्हा शिंगरोबा नावाच्या धनगराने ती दाखवली, आणि बक्षिसाऐवजी स्वातंत्र्य मागितलं म्हणून त्याला गोळी घातली, अशी कथा सांगतात. आजही ड्रायव्हर तिथे थांबतात, नाणं टाकतात. आमची गाडी नाणं टाकण्यासाठी थांबायचीच, फक्त ते निमित्त तिने स्वतः काढलेलं असायचं. कधी थोडी वर गेलीच तर अमृतांजन पुलाच्या आसपास. तो पूलही २०२०मध्ये पाडला.

गाडी कडेला घेतली की मामा बॉनेट उघडून ठेवायचा आणि काहीही करायचा नाही. हे मला तेव्हा फार विचित्र वाटे. बाकीचे बाप आणि काका बॉनेट उघडल्या उघडल्या फडकं घेऊन रेडिएटरच्या झाकणावर तुटून पडायचे, आणि कुणा ना कुणाच्या हातावर उकळतं पाणी उडायचंच. रेडिएटर झाकणाने दाबून बंद केलेला असतो. दाबाखाली पाणी १०० अंशांच्या वर जाऊनही उकळत नाही, आणि झाकण ढिलं झालं की दाब सुटून ते एकदम उकळून बाहेर येतं. मामाला हे कुणी शिकवलं ठाऊक नाही. तो कठड्यावर बसायचा. “तिला निवू दे आधी, मग झाकणाला हात.” गाडी त्याच्या लेखी ‘ती’ होती आणि दमलेली होती. मामी डबा उघडायची. तिखटामिठाच्या पुऱ्या, लिंबाचं लोणचं. खाली खोपोलीची घरं, समोर नागफणीचा सुळका, ट्रकांचं कण्हणं. पुऱ्या संपल्या की मामा झाकणावर फडकं टाकून, तोंड दुसरीकडे करून, ते पाव वळसा सोडायचा. फुस्स असा लांब आवाज यायचा. तो पूर्ण थांबला की मग उरलेला वळसा. इंजिन चालू ठेवून पाणी धारेने, थोडं थोडं. तापल्या इंजिनात एकदम गार पाणी गेलं तर ओतीव लोखंडाला तडा जातो.

एकदा तर ती चालूच होईना. तेव्हा मामाने मामीचा नॅपकिन मागून घेतला, ओला केला, पिळला, आणि पेट्रोलच्या पंपाभोवती गुंडाळला. पंप इतका तापला होता की आत पेट्रोलचीच वाफ झाली होती, आणि वाफ पुढे ढकलणं त्या पंपाला जमत नसे. पाच-सात मिनिटांत गाडी चालू झाली. नॅपकिनवर कडेने जांभळी फुलं भरलेली होती. मामीने तो परत घेतला नाही. पुढची कितीतरी वर्षं तो हत्यारांच्या पेटीत होता, फुलांसकट काळा.

बॅटरी, म्हणजे टॉर्च, धरायचं काम मामेभावाकडे. मी कठड्यावर. मला कुणी ‘हात लावू नकोस’ म्हणालं नव्हतं, लावायला बोलावलंही नव्हतं. खंडेनवमीला मामा ती पेटी पाटावर उघडून मांडायचा: फिक्स पाने, रिंग पाने, प्लगपाना, पक्कड, जॅकची दांडी. प्रत्येक पान्याच्या तोंडाला कुंकवाचं एक बोट. आता आमच्या पार्किंगमध्ये दसऱ्याला झेंडूचे हार बॉनेटवर चढतात, चाकाखाली लिंबं येतात. पाने फारसे कुणाकडे नाहीत, पूजा कशाची करणार. फियाटही गेल्या, मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्स्यांतली शेवटची ऑक्टोबर २०२३मध्ये.

वाटेतच गाडी दुरुस्त करणारी बेर्टा बेंझही मला मामाच्या कठड्यावर बसलेली दिसते. १८८८च्या ऑगस्टमध्ये, नवऱ्याला न सांगता, दोन मुलांना घेऊन तिने त्याने बनवलेली तीनचाकी मोटार मानहाइमहून फोर्ट्सहाइमला नेली, शंभर किलोमीटरवर. इंधनाची नळी तुंबली ती टोपीच्या पिनेने मोकळी केली, तारेला मोज्याच्या बंधाचं वेष्टण केलं, इंधन वाटेतल्या औषधाच्या दुकानातून घेतलं. ब्रेकचे लाकडी ठोकळे झिजले तेव्हा एका चांभाराकडून त्यांवर चामडं ठोकून घेतलं. गॅरेज नावाची वस्तू जगात नव्हती, म्हणून कुणी तिला चांगला मेकॅनिक सुचवलाही नसेल.

माझी धाव इतकी नाही. तेल बदलणं मी घरी करत नाही. करता येतं, पण जुनं काळं तेल टाकणार कुठे? गटारात ओतणाऱ्यांना मी माणसांत धरत नाही. ब्रेकला हात लावत नाही. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली तर कुणीच जाऊ नये; जॅक चाक बदलण्यापुरता असतो. चाक मात्र बदलून पाहिलं. नट आधी गाडी जमिनीवर असतानाच ढिले करायचे, नाहीतर उचललेल्या गाडीचं चाक नटाबरोबर गरगर फिरतं. बसवताना समोरासमोरचे नट आळीपाळीने.

चाक हातात आलं तेव्हा टायरच्या कडेवर लंबगोलात चार आकडे दिसले: २३१९. म्हणजे २०१९चा तेविसावा आठवडा. मृग लागण्याच्या सुमाराला हा टायर कारखान्यातून निघाला. मग डिकीतली स्टेपनी पाहिली. तिच्यावरही २३१९. ती बिचारी रस्त्याला एकदाही लागलेली नाही, तिच्या रबराचे बारीक केससुद्धा झडलेले नाहीत, पण रबर न वापरताही कडक होतं. हवा तर तिच्यात निम्मीही नव्हती. पंपावरचा मुलगा चार चाकांत हवा भरतो. पाचव्याचं आपण सांगायचं असतं.

तुमच्या गाडीचीही तीच गत असणार. पुढच्या वेळी हवा भरायला जाल तेव्हा डिकीतलं सामान आधीच घरी ठेवून जा, म्हणजे तिथे उपसाउपस होणार नाही.