पाच खुणांची दोन गावं

आमगावातलं मामांचं टायपिंगचं दुकान बंद होऊन बरीच वर्षं झाली. गेल्या उन्हाळ्यात माळा आवरताना त्यांचा ३८६ संगणक खाली उतरवला. झाकण उघडलं, तर आयएसए स्लॉटमध्ये एक अनोळखी कार्ड. डिस्प्लेचं, डिस्कचं, प्रिंटरचं कार्ड मी ओळखतो. हे त्यातलं नव्हतं. लेबल कसरीनं खाल्लेलं. एका चिपवर ९११४ छापलेलं, म्हणजे ती १९९१ च्या चौदाव्या आठवड्यातली. ईप्रॉमच्या काचेवरचा कागद मी खरवडला नाही. काच उघडी पडली की उजेडानं आतलं हळूहळू पुसलं जातं.

सोबतच्या फ्लॉपीत डीबेसमधली धानाची यादी होती. लॅपटॉपवर वजनं स्वच्छ दिसली. नावांच्या जागी नुसती वेडीवाकडी चिन्हं. फाइल खराब झाली म्हणून बंद करणार, तेवढ्यात गावाच्या रकान्यावर नजर गेली. तिथे दोन शब्द पुन्हापुन्हा येत होते. दोन्ही पाच खुणांचे, आणि दोन्हींच्या शेवटच्या तीन खुणा अगदी त्याच. खराब फाइल इतकी नेमानं खराब होत नाही. ग, काना, व. आमगाव आणि बनगाव!

म्हणजे हे जिस्ट कार्ड. संगणकावर भारतीय लिपी आणायचं आयआयटी कानपूरला सुरू झालेलं काम पुण्याच्या सी-डॅकनं पुढे नेलं, त्यातलं. इंग्रजीचे १२८ संकेत जागच्या जागी ठेवून वरच्या अर्ध्यात भारतीय अक्षरं बसवायची, ही इस्कीची रीत. १९९१ साली ती भारतीय मानक झाली. वर्डस्टार, डीबेस यांना मराठीचा गंध नव्हता. त्यांनी नुसते संकेत सांभाळायचे. वेलांटी कुठे, जोडाक्षर कसं, ते कार्डानं बघायचं. युनिकोडमधली देवनागरीसुद्धा इस्कीच्याच मांडणीवर उभी आहे. असं कार्ड मामांनी आमगावात आणून धानाची यादी मराठीत ठेवली, याचा मला फार अभिमान वाटला.

पट्ट्या खोडरबरानं घासून कार्ड परत बसवलं. तिसऱ्या खेपेला संगणक सुरू झाला.

मामी लेकीकडून नागपूरहून परतली होती. पूर्वी दुपारी दुकानात तीच बसायची. मी खुर्ची पुढे केली. पदराला हात पुसून तिनं बोटं कीबोर्डवर ठेवली आणि खाली न बघता कळा दाबल्या: शिफ्ट-ई, सी, आय, ई, बी.

पडद्यावर उमटलं, आमगाव.

"आता यादी काढ," मामी म्हणाली.