गोडे पाणी की खारे : सिॲटलमधील एका शीडबोटीचा मुक्काम

अमेरिकेच्या वायव्य कोपऱ्यातील सिॲटल शहराची भूरचनाच अशी आहे की शीडबोट तळ्यात ठेवावी की समुद्रात, हा प्रश्न तेथील प्रत्येक नौकाधारकापुढे कधी ना कधी उभा राहतोच. शहराच्या पश्चिमेला प्युजेट साउंड, म्हणजे पॅसिफिक महासागराचा जमिनीत खोलवर शिरलेला, बेटांनी आणि अरुंद सामुद्रधुन्यांनी भरलेला खारा फाटा आहे. पूर्वेला सुमारे ३५ किलोमीटर लांबीचे लेक वॉशिंग्टन हे गोड्या पाण्याचे सरोवर आहे. आणि या दोहोंच्या मध्ये, ऐन शहराच्या पोटात, लेक युनियन नावाचे लहान तळे आहे. इतरत्र तळे आणि समुद्र यांतील निवड म्हणजे दोन गावांमधील निवड असते, येथे मात्र ती एकाच शहराच्या दोन बाजूंमधील असल्याने वरवर पाहता सोपी वाटते; तिची खरी किंमत बोट काही काळ वापरल्यावरच कळते, असा प्रस्तुत लेखकाचा अनुभव आहे.

ही दोन पाणी जोडणारा कालवा मानवनिर्मित आहे. १९१६ मध्ये त्याचा शेवटचा तुकडा खोदून पूर्ण झाला, तेव्हा लेक वॉशिंग्टनची पातळी सुमारे पावणेतीन मीटरने खाली आली, सरोवराचे पाणी दक्षिणेकडे वाहून नेणारी ब्लॅक नदी कायमची आटली आणि तिच्या काठी पिढ्यान्‌पिढ्या मासेमारी करणाऱ्या ड्युवामिश लोकांचा आधार गेला. कालव्याचे कौतुक करणाऱ्या माहितीफलकांवर या गोष्टीला जेवढी जागा मिळायला हवी तेवढी क्वचितच मिळते. कालव्याच्या समुद्राकडील तोंडाशी दोन जलपाश आहेत. जलपाश किंवा लॉक म्हणजे दोन्ही टोकांना दरवाजे असलेला काँक्रीटचा हौद, ज्यात बोट घेऊन पाणी चढवले वा उतरवले की ती एका पातळीवरून दुसऱ्या पातळीवर जाते. १९१७ मध्ये खुले झालेले आणि पुढे हायरम चिटेंडन या लष्करी अभियंत्याचे नाव मिळालेले हे जलपाश, तळ्याचे पाणी समुद्राच्या सरासरी खोल ओहोटीपेक्षा सुमारे सहा मीटर उंच राखून ठेवतात.

प्रस्तुत लेखकाने जुनी, फायबरग्लासची, तीस फुटी शीडबोट घेतली तेव्हा धक्क्यावरील अनुभवी मंडळींचे मत जवळजवळ एकमुखी होते : बोट गोड्या पाण्यात ठेवावी. या मताला भक्कम आधार आहे. खाऱ्या पाण्यात बोटीच्या बुडाला बार्नकल, म्हणजे चुनखडीचे कवच असलेले चिकट जलचर, आणि कालवे व शेवाळ यांचा थर चढतो, बोटीचा वेग मंदावतो आणि बोट ढकलणाऱ्या पंख्यावर तो थर बसला तर इंजिन धापा टाकू लागते. गोड्या पाण्यात हे जीव जगत नाहीत, तेथे उरतो तो निसरड्या शेवाळाचा पातळ पापुद्रा, जो फडक्याने पुसून निघतो. लाकडी बोटींच्या बाबतीत हा फरक आणखी मोलाचा आहे, कारण टेरेडो हा लाकडात बोगदे पाडणारा शिंपल्याच्या कुळातील जीव, ज्याने जगभरच्या शिडाच्या जहाजांची बुडे पोखरली, तो गोड्या पाण्यात तग धरत नाही. सिॲटलच्या मासेमारी नौकांचा तळ १९१४ पासून ज्या सॅमन उपसागरात आहे तो कालवा झाल्यावर गोड्या पाण्याचा झाला, तेव्हा या नौकांना हा लाभ आपसूक मिळाला. शिवाय मीठ नसल्याने डोलकाठीला ताणून धरणाऱ्या पोलादी तारा, कप्प्या आणि इंजिन थंड करणाऱ्या पाण्याची नळी ही सारी अधिक वर्षे टिकतात.

मात्र गोड्या पाण्याचीही स्वतःची दुखणी आहेत आणि ती सल्ला देणाऱ्यांच्या तोंडी सहसा येत नाहीत. लाकूड समुद्रात किड्यांमुळे जाते तसे तळ्यात बुरशीमुळे जाते, कारण मीठ बुरशीला आवर घालते आणि सिॲटलचा हिवाळी पाऊस तिला हवे तेवढे गोडे पाणी पुरवतो. फायबरग्लासच्या बुडातून पाणी आत झिरपून वरच्या थराखाली फोड येण्याचा जो विकार आहे, तोही गोड्या पाण्यात अधिक लवकर होतो, कारण पाणी जितके निर्मळ तितका बाहेरून आत जाणारा परासरणाचा दाब मोठा. धातूच्या रक्षणासाठी बोटीला जस्ताचे तुकडे बसवतात, जे स्वतः झिजून पंखा आणि त्याचा दांडा वाचवतात. गोड्या पाण्यात जस्तावर निष्क्रिय थर चढून ते काम करेनासे होते, म्हणून तेथे मॅग्नेशियम किंवा ॲल्युमिनियम वापरावे लागते. यांहून गंभीर गोष्ट विजेची आहे : धक्क्यावरील सदोष जोडणीतून वीज पाण्यात गळत असेल तर खाऱ्या पाण्यात ती बहुतांशी पोहणाऱ्याच्या शरीराला वळसा घालून जाते, पण गोडे पाणी शरीरापेक्षा दुर्वाहक असल्याने तेथे ती शरीरातून वाट काढते आणि स्नायू आखडून माणूस बुडू शकतो, म्हणून तळ्यातील धक्क्यांवर बोटींच्या मधल्या पाण्यात उतरण्यास सक्त मनाई असते.

तरीही बोट प्रथम लेक वॉशिंग्टनच्या पूर्व काठावरच ठेवली गेली, कारण घर त्याच बाजूला होते, आणि सिॲटल परिसरातील बरीच मराठी कुटुंबे संगणकक्षेत्रातील नोकऱ्यांमुळे याच काठावर राहतात. कामावरून सुटल्यावर अर्ध्या तासात शीड चढवता येणे ही चैन खरोखर मोठी होती. अडचण समुद्राकडे निघताना येई. डोलकाठी असलेली बोट तळ्यातून समुद्रात न्यायची तर मॉन्टलेक, युनिव्हर्सिटी, फ्रीमाँट आणि बॅलर्ड असे चार उचलपूल पार करावे लागतात, ज्यांच्यापैकी फ्रीमाँटचा पूल पाण्यापासून जेमतेम नऊ मीटर उंच आहे. पुलापाशी आल्यावर भोंग्याचा एक लांब आणि एक आखूड आवाज द्यायचा. पूल उघडणार असेल तर रखवालदार तोच आवाज परत देतो, नसेल तर पाच आखूड भोंगे वाजवतो, आणि मग बोट अरुंद कालव्यात, मागून येणाऱ्या वाऱ्याशी झगडत, जागच्या जागी धरून ठेवावी लागते. कामाच्या दिवशी साधारण सकाळी सात ते नऊ आणि संध्याकाळी चार ते सहा या वेळांत, रस्त्यावरील वर्दळीमुळे, हौशी बोटींसाठी हे पूल उघडतच नाहीत. म्हणजे नोकरदार माणसाला ज्या वेळी निघता येते नेमक्या त्याच वेळी वाट बंद असते.

पुलांनंतर जलपाश. लहान जलपाशाच्या भिंतींना पाण्याबरोबर खाली-वर होणारे तरते खुंट आहेत, त्यामुळे तेथे काम सोपे असते. मोठ्या जलपाशात मात्र भिंत स्थिर असते आणि बोट ओहोटीच्या वेळी सात-आठ मीटरसुद्धा खाली उतरते. तेथे प्रत्येकी पन्नास फुटांचे, एका टोकाला फास असलेले दोन दोर तयार ठेवावे लागतात; वर उभा असलेला कर्मचारी फास आपल्या खुंटात अडकवतो आणि खालचे टोक बोटीवरील माणसाच्या हातात राहते. ते टोक क्लीटला, म्हणजे दोर अडकवण्याच्या दुहेरी शिंगाच्या खिळीला, गाठ मारून बांधायचे नसते, नुसता वेढा देऊन पाणी उतरेल तसा दोर सोडत जायचे असते, कारण गाठ बसली तर बोट दोरालाच टांगली जाते आणि खिळी उपटून निघू शकते. भिंतीवरच्या ओल्या शेवाळाचा पट्टा हळूहळू उंच होत जातो, शेजारी बांधलेल्या दुसऱ्या बोटीचे फेंडर, म्हणजे दोन बोटींमध्ये टेकू म्हणून लटकवलेले हवेचे फुगे, करकरू लागतात, आणि शेवटी समुद्राकडचे दरवाजे उघडले की खाऱ्या व गोड्या पाण्याच्या मिसळण्याने उठणारा प्रवाह बोटीचे शेपूट एका बाजूला ढकलतो, म्हणून कोणता दोर आधी सोडायचा हे कर्मचाऱ्याने सांगेपर्यंत हात न लावणे शहाणपणाचे ठरते. या सेवेला एक पैसाही पडत नाही. वेळ मात्र भरपूर लागतो : घरच्या धक्क्यापासून मोकळ्या समुद्रापर्यंत, पूल आणि रांग धरून, अडीच-तीन तास, आणि परतताना उन्हाळ्यातील रविवारी त्याहून जास्त.

खाऱ्या बाजूला बोट ठेवली तर ही सारी कसरत टळते, पण तिच्या जागी भरती-ओहोटीचे गणित येते. कोकणच्या माणसाला हे गणित अंगवळणी पडलेले असते. तिथीला पाऊणपट केले की भरतीची वेळ मिळते, आणि पौर्णिमा-अमावास्येला उधाण तर अष्टमीला भांग, म्हणजे पाण्याचा सर्वांत कमी चढउतार, हा हिशेब अलिबागजवळ वाढलेले लेखकाचे वडील बोटांवर करत. सिॲटलला आले असता त्यांनी तोच हिशेब लावून पाहिला तेव्हा तो जुळला नाही. तेथील भरती मिश्र प्रकारची असते, म्हणजे दिवसाच्या दोन भरत्या आणि दोन ओहोट्या एकसारख्या नसून एक ओहोटी खोल आणि दुसरी उथळ असते. आणि हा फरक चंद्र विषुववृत्ताच्या किती उत्तरेला वा दक्षिणेला आहे यावर ठरत असल्याने केवळ कलेवरून तो काढता येत नाही. आणखी एक विशेष असा की वर्षातील सर्वांत खोल ओहोट्या उन्हाळ्यात भर दुपारच्या सुमारास आणि हिवाळ्यात मध्यरात्रीच्या सुमारास येतात. वडिलांनी दोन दिवस छापील तक्ता आणि पंचांग शेजारी ठेवून ताडून पाहिले, आणि मग तक्त्याला मान दिला. पाण्याच्या उंचीपेक्षाही प्रवाह अधिक महत्त्वाचा आहे, कारण डिसेप्शन पाससारख्या अरुंद वाटांत तो ताशी आठ सागरी मैलांपर्यंत जातो आणि अशा ठिकाणी सहा मैलांच्या बोटीने वेळ चुकवली तर ती पुढे जाण्याऐवजी मागे जाते.

वाऱ्याच्या बाबतीत समुद्राकडून ज्या अपेक्षा केल्या जातात त्या प्युजेट साउंड पुऱ्या करतेच असे नाही. जुलै-ऑगस्टमध्ये दुपारपर्यंत पाणी तेलासारखे सपाट असते आणि चांगला दक्षिणवारा हिवाळ्यात, बोटे गारठवणाऱ्या पावसाबरोबर येतो. तळ्यात टेकड्यांमुळे वारा तुकड्यातुकड्यांनी येतो आणि दिशा बदलतो, पण लाटा लहान राहतात. १९७४ पासून लेक युनियनवर उन्हाळ्यातील मंगळवारी संध्याकाळी होणारी डक डॉज ही खेळीमेळीची शर्यत त्याच लहरी वाऱ्यावर चालते आणि उतरणाऱ्या समुद्री विमानांना वाट देत पार पडते. पाण्याच्या उष्णतेत मात्र दोन्ही बाजूंचे काहीच साम्य नाही : उन्हाळ्यात सरोवर वीस अंश सेल्सिअसच्या वर जाते, तर साउंडचे पाणी बारा-तेरा अंशांच्या आसपासच राहते, आणि मुले असलेल्या घरात हा मुद्दा इतर सर्व मुद्द्यांच्या बरोबरीचा ठरतो.

अखेरीस बोट बॅलर्डच्या पलीकडे, शिलशोलच्या खाऱ्या धक्क्यावर हलवण्यात आली. बोटीच्या दृष्टीने हा निर्णय तोट्याचा होता हे मान्य करूनच तो घेतला गेला. पाणबुड्याकडून बूड घासून घेण्याचा आणि तांबेयुक्त रंगाचा खर्च वाढला, तारांच्या जोडांवर गंजाचे तांबूस डाग दिसू लागले. पण बोट कशाने टिकते हा प्रश्न आणि ती कोणत्या वेळी, किती वेळा, कोठवर नेता येते हा प्रश्न वेगळे आहेत, आणि शनिवार-रविवारीच मोकळीक मिळणाऱ्या कुटुंबासाठी दुसरा प्रश्न पहिल्यापेक्षा वजनदार असायला हवा, असे लेखकाचे मत झाले आहे. निवृत्त माणसाने, ज्याला मंगळवारी सकाळी दहा वाजता फ्रीमाँटच्या पुलापाशी भोंगा वाजवता येतो, त्याने बेलाशक तळे निवडावे. जस्ताऐवजी ॲल्युमिनियमचे तुकडे बसवण्यात आले, कारण ते दोन्ही पाण्यांत काम करतात, आणि दोन्ही पाण्यांची गरज पुढेही राहणार होती : पोहण्यावरून मुलांची तक्रार मिटेना, म्हणून ऑगस्टमध्ये दोन-तीन आठवडे बोट तळ्यात, ओळखीच्या एका गृहस्थांच्या खासगी धक्क्यावर आणून ठेवण्याचा शिरस्ता पडला. त्या मुदतीत बुडाला चिकटलेले बार्नकल मरतात, फक्त त्यांची कवचे तशीच घट्ट राहतात आणि ती पुढच्या वेळी बोट पाण्याबाहेर काढल्यावर पत्र्याने खरवडावीच लागतात.