खुशीचे पैसे

सदाशिव पेठ,
पुणे 30

चि. सौ. कां. भाचीस,

अमेरिकेतून लग्नासाठी पुण्यात येणाऱ्या व्याही मंडळींना पहिल्याच दिवशी अडवणारा प्रश्न म्हणजे टीप कुणाला आणि किती द्यायची. त्यांच्याकडे बिलाच्या 15 ते 20 टक्के हे गणित अंगवळणी पडलेले असते आणि त्यामागे सरळ कारण आहे. तिथल्या केंद्रीय कायद्यानुसार, ज्या कामगाराला टीप मिळते त्याला मालकाने तासाला 2 डॉलर 13 सेंट रोख दिले तरी चालतात, टिपेने बाकीचे भरून निघावे एवढीच अट. हा आकडा 1991 पासून जागचा हललेला नाही. साधे किमान वेतन 7 डॉलर 25 सेंट आहे, तेही 2009 पासून तेवढेच. म्हणजे तिकडची टीप हा पगाराचाच हप्ता, फक्त तो गिऱ्हाइकाच्या खिशातून जातो. कॅलिफोर्नियासारख्या राज्यांत मालकाला ही सवलत नाही, तरी टक्क्याची सवय तिथेही सुटलेली नाही.

ही पद्धत जगभर आहे असा मात्र समज नको. जपानमध्ये टेबलावर ठेवलेले पैसे परत द्यायला वेटर मागे धावत येतो. फ्रान्समध्ये 1987 पासून सेवेचा आकार मेन्यूवरच्या किमतीतच धरलेला असतो, वर ठेवली तर दोन-चार नाणी. महाराष्ट्रात हॉटेल कामगारांसाठी किमान वेतनाचे दर सरकार ठरवते आणि त्यातून टिपेची वजावट करता येत नाही. तो पगार फार असतो असे नाही. पण पुण्यात रक्कम बिलाच्या आकड्यावर ठरत नाही, समोरच्या माणसाने नेमके काय काम केले यावर ठरते. सूटकेसा तीन जिने चढवणाऱ्याला बिल नसते, तरी त्याचा हक्क मोठा. चार हजारांची दारू एका बाटलीतून ओतणाऱ्याचे काम चाळीस रुपयांचा चहा आणणाऱ्याहून शंभरपट नसते.

फर्ग्युसन रस्त्यावरच्या वैशाली-रूपालीत किंवा डेक्कनच्या कॅफे गुडलकमध्ये बिल आले, की परतलेल्या सुट्ट्या पैशांतले दहा, वीस, फार तर पन्नास रुपये बशीत बडीशेपेशेजारी ठेवून उठायचे. चौघांनी पोटभर खाल्ले तरी हिशेब एवढाच. काउंटरवर कूपन घेऊन खायचे असेल, अमृततुल्यात उभ्याने चहा घ्यायचा असेल किंवा मिसळीसाठी रांग लावायची असेल, तर काहीच ठेवायचे नसते. टिळक रस्त्यावरच्या बादशाहीसारख्या थाळीच्या जुन्या ठिकाणी पोळी वाढणारा चार खेपा करतो. तिथे वीस-तीस रुपये हातात दिले तर तो खूश होतो, न दिले तर त्याच्या कपाळावर आठी पडत नाही. पुणेरी वाढप्याच्या कपाळावर मुळात आठी असेलच, तर ती टिपेमुळे नव्हे.

कोरेगाव पार्क, कल्याणीनगर, बाणेरकडच्या महागड्या रेस्तराँमध्ये आणि तारांकित हॉटेलांत मात्र टक्क्याची भाषा शिरली आहे. तिथे पाच ते दहा टक्के पुरेसे समजले जातात. त्याआधी बिल वाचायचे. सीजीएसटी आणि एसजीएसटी अशा दोन ओळी दिसतात, तो कर आहे. बहुतेक ठिकाणी दोन्ही मिळून 5 टक्के, तर जिथल्या खोलीचे भाडे दिवसाला 7500 रुपयांच्या वर आहे अशा हॉटेलातल्या रेस्तराँमध्ये 18 टक्के. हा पैसा सरकारजमा होतो, वेटरच्या खिशात जात नाही. तिसरी ओळ 'सर्व्हिस चार्ज' अशी असेल तर तिची गोष्ट वेगळी. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 4 जुलै 2022 रोजी मार्गदर्शक सूचना काढल्या. बिलात सर्व्हिस चार्ज आपोआप लावायचा नाही, दुसऱ्या नावानेही वसूल करायचा नाही आणि गिऱ्हाईक नको म्हणाले तर काढून टाकायचा. हॉटेलवाल्यांच्या संघटना त्याविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या. न्यायालयाने 28 मार्च 2025 रोजी या सूचना उचलून धरल्या. तेव्हा ती ओळ शांतपणे काढायला सांगता येते आणि कुणी हुज्जत घातलीच तर 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता येते. पाहुण्यांनी तो चार्ज भरायचे ठरवले तर वर आणखी टीप ठेवू नये.

कार्डावर टिपेची रक्कम वाढवून देण्यापेक्षा रोख बरी. सर्वोच्च न्यायालयाने 2016 मध्ये आयटीसी या कंपनीच्या खटल्यात, मालकामार्फत वाटली गेलेली टीप हा पगार नव्हे असे ठरवले. पण ती वाटली कशी जाते हे गिऱ्हाइकाला कळत नाही. काही ठिकाणी सगळी टीप एका पेटीत जमा होऊन मोरीवर भांडी घासणाऱ्या पोऱ्यापर्यंत पोहोचते. काही ठिकाणी मॅनेजरपाशीच थांबते. क्यूआर कोड आल्यापासून आणखी एक गोष्ट झाली आहे. बिल 437 रुपये असले तर लोक 437च भरतात. परत यायला सुट्टे नाहीत, म्हणून बशीत ठेवायलाही काही नाही. परदेशी पाहुण्यांसाठी 2023 च्या जी-20 बैठकांच्या वेळी यूपीआय वन वर्ल्ड ही सोय सुरू झाली, तिने बिल भरावे. टिपेसाठी दहा, वीस, पन्नास आणि शंभरच्या नोटा बँकेतूनच घेऊन ठेवाव्यात. पाचशेची नोट पुढे करून सुट्टे मागितले तर देण्यातली सगळी शोभा जाते. आठवण म्हणून डॉलर देण्याचा मोह टाळावा. एकेका डॉलरची नोट बदलून घ्यायला त्या माणसाला अर्ध्या दिवसाची खोटी होते आणि नाणी तर कुणी बदलून देतच नाही.

मुंबईच्या विमानतळावरून पुण्याला आणणारा ड्रायव्हर हा या यादीतला सर्वांत महत्त्वाचा माणूस. गाडीच्या भाड्यात त्याचा भत्ता, टोल आणि रात्रीचा आकार धरला आहे की नाही, हे गाडी ठरवतानाच विचारावे. भत्ता हा त्याच्या जेवणा-राहण्याचा खर्च, बक्षीस नव्हे. एक्सप्रेसवेवर फूड मॉलला गाडी थांबली की त्यालाही खायला बोलवायचे. तो बहुधा 'तुम्ही खाऊन घ्या' म्हणून बाजूला होतो, कारण काही थांब्यांवर ड्रायव्हर मंडळींच्या जेवणाची सोय वेगळी असते. पण बोलावणे चुकवू नये. घरी पोहोचल्यावर दोनशे-तीनशे रुपये हातात द्यावेत. विमान मध्यरात्री उतरले असेल आणि त्याने चार तास पार्किंगमध्ये काढले असतील, तर पाचशे. तोच ड्रायव्हर महाबळेश्वर, वेरूळ अशा फिरतीला आठवडाभर असेल तर रोज सुटे देत बसू नये. शेवटच्या दिवशी, दिवसाला साधारण तीनशे धरून, एकत्र पाकीट द्यावे. दिवसाकाठी मिळालेले शंभर टपरीवर उडतात, एकरकमी दिलेले घरी पोहोचतात.

रिक्षा मीटरने चालते. पुण्यात सप्टेंबर 2022 मध्ये ठरलेला दर पहिल्या दीड किलोमीटरला 25 रुपये आणि पुढे किलोमीटरला 17. मीटर 84 दाखवत असेल तर नव्वद देऊन 'राहू द्या' म्हणणे एवढीच इथली टीप. ॲपवर गाडी येण्याआधीच 'वर इतके देता का' असे विचारले जाते, ती टीप नव्हे, अडवणूक. त्यावरून मे 2025 मध्ये त्याच ग्राहक प्राधिकरणाने उबरला नोटीस पाठवली होती. पुणे स्टेशनवरच्या लाल डगल्यातल्या हमालाची गोष्ट उलटी. रेल्वेने 2016 पासून त्याला 'सहायक' म्हणायचे ठरवले असले तरी हाक हमाल अशीच पडते. त्याला मिळतात ते मजुरीचे पैसे, त्यांचा दर रेल्वे ठरवते. बॅगा उचलण्याआधी रक्कम बोलून घ्यायची आणि ती पुरी द्यायची.

कार्यालयात शिरले की नियम बदलतात. वाढपी, आचारी, मांडववाले, झाडलोट करणाऱ्या बाया यांना काय द्यायचे ते यजमान आणि केटरर पाहतात. पाहुण्यांनी पंगतीत नोटा काढल्या तर यजमानाने कमी दिले असा अर्थ निघतो. गुरुजींची दक्षिणा संकल्पाच्या वेळी यजमानांच्या हातून जाते, ती 501, 1101 अशी एकावर संपते, आणि ती मान म्हणून द्यायची असते. पुण्यात या मानाला मोठा इतिहास आहे. श्रावणात पर्वतीच्या पायथ्याला रमण्यात पेशवे दक्षिणा वाटत. पेशवाई बुडाल्यावर इंग्रजांनी त्या निधीचा काही भाग विद्येकडे वळवला, 1821 मध्ये विश्रामबाग वाड्यात पाठशाळा उघडली आणि तिच्यातून पुढे डेक्कन कॉलेज उभे राहिले.

वरपक्षाने मात्र दोन प्रसंगांची तयारी ठेवावी, आणि परदेशी व्याह्यांना नेमके हेच कुणी सांगत नाही. होमाच्या वेळी नवरीचा भाऊ नवरदेवाचा कान पिळतो. त्याला वराकडून मानाची भेट द्यावी लागते, शर्ट-पँटचे कापड, घड्याळ किंवा पाकीट. ती आधीच आणून पिशवीत ठेवावी. दुसरा प्रसंग जोड्यांचा. नवरदेवाचे जोडे लपवून मेव्हण्या पैसे मागतात. ही चाल उत्तरेकडची, 1994 च्या 'हम आपके हैं कौन'नंतर ती महाराष्ट्रातही फोफावली. इथे घासाघीस करणे अपेक्षित असते. पहिल्या आकड्याला होकार देणारा नवरदेव साऱ्या मांडवाचा विरस करतो. वरातीत बँड आणि घोडेवाल्यावरून नोटा ओवाळायला कुणालाही मुभा आहे, दहा-वीसच्या कोऱ्या नोटा त्यासाठी हव्यात.

शनिवारवाडा, आगाखान पॅलेस, केळकर संग्रहालय इथे तिकिटावर भागते, पहारेकऱ्याला काही देऊ नये. दगडूशेठच्या मंदिरात पैसे दानपेटीत. सिंहगडावर पिठलं-भाकरी आणि मडक्यातले दही विकणाऱ्या बायांशी भाव करू नये, वर काही देऊही नये, त्या धंदा करतात. पोलीस आणि सरकारी कचेरीतला शिपाई यांना दिलेल्या पैशाला लाच म्हणतात.

उरते घर. पुण्यात घरी येणाऱ्या माणसांना वर्षातून एकदा, दिवाळीला, पोस्त देण्याची रीत आहे. पेपरवाला, वॉचमन, सिलिंडर आणणारा, कचरा नेणाऱ्या 'स्वच्छ' संस्थेच्या ताई. मोलकरणींच्या बाबतीत ही रीत पुढे गेली. 1980 मध्ये पुण्यातल्या मोलकरणींनी संप केला, त्यातून पुणे शहर मोलकरीण संघटना उभी राहिली. आज दिवाळीला एक पगार बोनस म्हणून देणे हे बहुतेक घरांत गृहीत असते, त्याला कुणी बक्षिशी म्हणत नाही. घरी उतरलेल्या पाहुण्यांमुळे त्या बाईंचे काम दुप्पट होते, तेव्हा त्यांना स्वतंत्रपणे द्यायलाच हवे. पण घरच्या मालकिणीला विचारून. नाहीतर पुढच्या पाहुण्यांपर्यंत तो आकडा ठरून जातो आणि निस्तरावे तिला लागते. आठवड्याच्या मुक्कामाला पाचशे ते हजार रुपये योग्य. बंद पाकिटात, शेवटच्या दिवशी, सगळ्यांसमोर न देता. 'नको, नको' दोनदा होते, तिसऱ्यांदा घेतात.

हे सगळे धरून, लग्नातला कानपिळीचा मान आणि जोड्यांचे पैसे सोडले, तर दोघांना आठवडाभरासाठी सुट्ट्या नोटांत चार-पाच हजार रुपये पुरतात.

तुझी,
मावशी