मोठीं चाकें

आमच्या चिरंजिवांनीं पावसाळ्याच्या आरंभीं एक वापरलेली थार जीप विकत घेतली, आणि तेव्हांपासून आमच्या घरांत चाक या एका विषयावांचून दुसरा विषय राहिला नाहीं. आम्हीं महाविद्यालयांत अठ्ठावीस वर्षें इंग्रजी शिकविलें. मिल्टनच्या लांबलचक वाक्यांतील कर्ता आणि क्रियापद यांची गांठ घालून देण्यांत आमचें आयुष्य गेलें. मोटारीचें आमचें ज्ञान म्हणाल, तर तींत तेल घालावें लागतें आणि तें आपल्याच खिशांतून घालावें लागतें, यापलीकडे तें कधीं गेलें नव्हतें. परंतु कुपवाडांत राहून यंत्रांपासून अलिप्त राहूं म्हणणें, म्हणजे पंढरपुरांत घर बांधून टाळमृदंग कानीं येऊं नयेत अशी इच्छा करण्यासारखें आहे. औद्योगिक वसाहत आमच्यापासून हांकेच्या अंतरावर. सकाळीं दूधवाल्याच्या आधीं लेथचा आवाज येतो.

या जीपच्या पहिल्या मालकानें चारी स्प्रिंगांवर गोल ठोकळे बसवून ती दोन इंच उचलून घेतली होती. पुढें त्याचा हुरूप संपला असावा किंवा पैसे संपले असावेत, कारण चाकें मात्र त्यानें मूळचींच ठेविलीं होतीं. त्यामुळें दारांत उभी असतां ती, धोतर गुडघ्यांपर्यंत खोंचून ओढ्यांत उतरण्याच्या बेतांत असलेल्या एखाद्या गृहस्थासारखी दिसे. चिरंजिवांना हें दृश्य सहन होईना. उचललेल्या गाडीला मोठे टायर पाहिजेतच, असें त्यांनीं जाहीर केलें. आम्हीं तत्काळ नको म्हणून सांगितलें. कां नको, हें आम्हांस मुळींच ठाऊक नव्हतें. पण बापाला नकार देण्यापूर्वीं कारण शोधावें लागत नाहीं, तें मागाहून सांपडतें.

तें शोधण्यासाठीं आम्ही प्रथम टायरवरचा मजकूर वाचावयास बसलों. 'वाचावयास बसलों' हें अक्षरशः खरें आहे. एका रविवारीं सकाळीं चष्मा लावून आम्ही अंगणांत पाटावर त्या चाकासमोर बसलों होतों, आणि शेजारच्या मंडळींस हा कसला तरी पूजाविधि वाटला. टायरच्या कुशीवर '२४५/७५ आर १६' असें कोरलेलें होतें. पहिला आंकडा टायरच्या रुंदीचा, मिलिमीटरांत. दुसरा शेंकड्याचा : रुंदीच्या शेंकडा ७५ इतकी टायरच्या कुशीची उंची. तिसरा आंतल्या लोखंडी रिमच्या व्यासाचा, आणि तो इंचांत! एकाच ओळींत फ्रेंच माप, इंग्रजी माप आणि त्रैराशिक यांना एकत्र नांदविणारें असलें लिखाण आमच्या पाहण्यांत दुसरें नाहीं. कागद घेऊन आम्हीं हिशेब केला. चाकाची एकूण उंची ७७४ मिलिमीटर आली. चिरंजिवांच्या मनांत भरलेला टायर २८५/७५ आर १६ होता. त्याची उंची ८३४ भरली. म्हणजे वाढ ६० मिलिमीटरांची. पण आंस असतो चाकाच्या मध्यावर. तेव्हां तो वर उचलला जाणार तो केवळ ३० मिलिमीटर, आपल्या अंगठ्याच्या रुंदीहून थोडा अधिक. एवढ्यासाठीं एका प्राध्यापकाचा एक महिन्याचा पगार!

हा हिशेब घेऊन आम्ही विजयी मुद्रेनें मिस्त्रींकडे गेलों. मिस्त्री मितभाषी. त्यांनीं आमचा कागद पाहिला, हात पुसले, आणि आम्हांला गाडीखालीं वांकावयास लावलें. मागच्या आंसाच्या मधोमध दंतचक्रांचा एक मोठा लोखंडी गोळा लोंबत होता. "सर, ठोकळं घातलं म्हंजी नुसता टप वर ग्येला. ह्यो गोळा हाय तितंच हाय. दगडावर आधी ह्योच आपटतोय. ह्येला उचलायचा तर चाकच मोठं पायजे, दुसरा इलाज न्हाई." म्हणजे ज्या तीस मिलिमीटरांचा आम्ही उपहास करीत होतों, तीच काय ती खरी उंची, आणि जी दोन इंच उंची डोळ्यांत भरत होती, ती दगडधोंड्यांच्या हिशेबीं जवळ जवळ दिखाऊ. आम्ही खजील झालों. परंतु मिस्त्रींनीं निघतांना आणखी एक वाक्य टाकलें, आणि तें आमच्या पथ्यावर पडलें. "पन बिरेक हाय त्येच ऱ्हात्यात बगा."

त्या वाक्याचा अर्थ आम्हीं पुढें दोन दिवस उलगडून घेतला. चाक जितकें मोठें, तितका जमिनीचा जोर आंसापासून दूर लागतो, आणि तितक्या अधिक बळानें ब्रेकला त्याला आवरावें लागतें. ब्रेक मात्र मूळच्या चाकासाठीं घडविलेला. टायरचें वजनहि वाढतें, तें फिरविण्यास इंजिनाला अधिक श्रम, थांबविण्यास ब्रेकला अधिक श्रम. पूर्ण वळण घेतांना टायर आंतल्या पत्र्याला घासतो. मागच्या दाराला लटकणाऱ्या जादा चाकाचा भार बिजागऱ्यांवर येतो. शिवाय वेग दाखविणारा कांटा चाकाच्या फेऱ्या मोजतो, रस्ता मोजीत नाहीं. तो पूर्वीं बिनचूक होता असें धरलें, तर मोठ्या चाकांवर तो ६० दाखवील तेव्हां गाडी ६४ हून अधिक वेगानें धांवत असेल. मनुष्याला आपण हळू चाललों आहों असें वाटत असतां तो जोरानें चाललेला असावा, हा प्रकार तरुण वयाशीं इतका सुसंगत आहे कीं त्यासाठीं निराळे टायर कशाला, असें आम्ही चिरंजिवांना म्हणालोंहि. ते हंसले नाहींत.

त्यांचीहि बाजू होती, आणि ती लिहिली नाहीं तर अन्याय होईल. सुटीच्या दिवशीं ते मित्रांसह दंडोबाच्या डोंगराकडे जात. तेथील वाटा आणि पावसांतली काळी माती यांविषयीं ते जें सांगत तें खोटें नव्हतें. खड्डा तोच असला तरी लहान चाक त्यांत पडतें आणि मोठें चाक त्यावरून जातें. रुंद टायरमधील हवा थोडी कमी केली म्हणजे तो मातीवर पसरतो, रुतत नाहीं. २०१९ च्या महापुराचाहि दाखला त्यांनीं दिला. अशी गाडी असती तर लोकांना बाहेर काढतां आलें असतें, असें त्यांचें म्हणणें. त्या ऑगस्टांत सांगलीस आयर्विन पुलापाशीं कृष्णेचें पाणी ५७ फुटांवर गेलें होतें; तेथें चाकांचें काम नव्हतें, होडीचें होतें. हा मुद्दा आम्हीं सहज परतविला. पण त्यानंतर ते जें बोलले त्याला आमच्याजवळ उत्तर नव्हतें. "बाबा, आजोबांच्या बैलगाडीचें चाक तुमच्या छातीपर्यंत येत होतें असें तुम्हीच सांगतां. तें चालत होतें ना? मग माझ्याच चाकाला काय झालें?"

वाचकहो, मराठींत टायरला जुना शब्द आहे, 'धाव'. लांकडी चाकाच्या परिघावर बसविलेली लोखंडी पट्टी ती धाव. आम्ही सात-आठ वर्षांचे असतांना गांवीं धाव चढविण्याचा दिवस म्हणजे सणच असे. आमचें गांव मिरज तालुक्याच्या पूर्वेकडचें. लोहार दोरीनें चाकाचा घेर मापी आणि धावेचा घेर त्याहून किंचित् कमी ठेवी. मग ती गोवऱ्यांच्या जाळांत लाल होईपर्यंत तापवीत. तापली कीं ती वाढे. दोघे-तिघे जण सांडशींनीं उचलून ती चाकावर बसवीत, लांकूड पेट घेई, धूर उठे, आणि इतक्यांत घागरीमागून घागर ओतली जाई. त्या चरचराटांत धाव आवळत जाई आणि चाकाचे सांधे कटकट वाजत मिटत. घेर फार कमी धरला तर आरे मोडावयाचे. फार अधिक धरला तर उन्हाळ्यांत धाव निसटून रस्त्यावर पडावयाची. मापाचा विचार किती बारकाईनें करावयाचा तें त्या निरक्षर लोहारास कळत होतें.

पुढें १९८० च्या सुमारास वडिलांनीं उसाच्या वाहतुकीसाठीं टायरची गाडी घेतली. गांवांत अशा गाड्या तेव्हां थोड्याच. लांकडी चाकाहून हीं चाकें पुष्कळ ठेंगणीं, पण हवेवर चालणारीं. बैलांना ती गाडी इतकी हलकी जाई कीं पहिल्या दिवशीं बैलच बुचकळ्यांत पडले. आम्ही दहा-अकरा वर्षांचे. गाडीचा अभिमान आम्हांला वडिलांहून अधिक. एके दिवशीं फडांत गाडी भरून झाल्यावर आम्हींच हट्ट धरला, कीं आणखी मोळ्या घाला, ही गाडी सहज ओढते. वडील नको म्हणत होते. दोन्ही बैलांकडे त्यांनीं एकदां पाहिलें, मग आमच्याकडे पाहिलें, आणि मोळ्या घातल्या. आम्ही उसावर चढून बसलों. सपाटीवर गाडी खरोखरच सहज चालली. परंतु ओढ्याच्या उतारावर ती थांबेना. लोखंडी धाव जमिनीला धरून राहते, मातींत रुतून स्वतःच गाडीला आवरते. रबर आवरीत नाहीं. आणि त्या गाडीला ब्रेक नव्हता. सगळा भार जुंवावर आला आणि सर्जा गुडघ्यांवर पडला. त्याचा उजवा गुडघा पुढें कधीं नीट झाला नाहीं. वडिलांनीं त्याला विकला नाहीं, गाडीलाहि पुन्हा जुंपला नाहीं; गोठ्यांत तो सहा वर्षें होता. आम्हांला ते एका शब्दानें बोलले नाहींत. बोलले असते तर ही गोष्ट आम्ही केव्हांच विसरलों असतों.

हें आम्हीं चिरंजिवांना त्या दिवशीं प्रथमच सांगितलें. ते ऐकून गप्प राहिले. मग म्हणाले, "पण आजोबांनीं तुमचें ऐकलें." त्यांत त्यांना काय अभिप्रेत होतें, ही तक्रार होती कीं आणखी कांहीं, हें आम्हांस अद्याप उमगलेलें नाहीं.

योगायोग असा, कीं हवेच्या टायरचा इतिहासहि बापलेकांचाच आहे. डनलॉप हा बेलफास्टचा गुरांचा डॉक्टर. मुलाच्या तीनचाकी सायकलीला हादरे बसतात म्हणून त्यानें तिच्या चाकांवर हवा भरलेली रबरी नळी बसविली, आणि १८८८ सालीं तिचें पेटंट घेतलें. थॉमसन नांवाच्या दुसऱ्या एका स्कॉच गृहस्थानें १८४५ सालींच तसलें पेटंट घेऊन ठेविलें होतें. पण त्याच्या घरीं हट्ट करणारें कोणी नसावें. चिरंजिवांनीं हा दाखला लगेच उचलला. गुरांच्या डॉक्टरानें मुलासाठीं टायर घडविला आणि इंग्रजीच्या प्राध्यापकाला साधी संमति देववत नाहीं, असें ते आपल्या आईला ऐकूं जाईल अशा बेतानें म्हणाले.

शेवटीं आम्हीं कायद्याचा आश्रय केला. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचें ५२ वें कलम गाडीच्या मूळ रचनेंत मनाला येईल तसा फेरफार करूं देत नाहीं. सर्वोच्च न्यायालयानें जानेवारी २०१९ मध्यें त्याचा अर्थ कडकपणें लाविला, आणि त्याच वर्षीं झालेल्या दुरुस्तीनें अशा प्रत्येक फेरफारास ५००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी शिक्षा सांगितली. याच जीपच्या वरच्या नमुन्याला कंपनीच २५५/६५ आर १८ हा टायर देते, तो घ्यावा, अशी तडजोड आम्हीं सुचविली. चिरंजिवांनीं मनांतल्या मनांत गणित केलें. "म्हणजे आंस साडेसात मिलिमीटर वर! बाबा, तेवढी उंची चिखल लागला तरी वाढते." हा टोला आम्हांस आवडला, पण तें आम्हीं दाखविलें नाहीं. तडजोड बारगळली.

मार्गशीर्षांत आमच्या कुटुंबाच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया मिरजेस झाली. घरीं आणण्याच्या दिवशीं चिरंजीव मोठ्या उत्साहानें जीप धुऊन घेऊन आले. पुढच्या बैठकीवर त्यांनीं उशी ठेविली होती. रुग्णालयाच्या दारांत गाडी उभी राहिली. त्यांनीं एका हातानें दाराची मूठ धरली, दुसरा हात लेकाच्या खांद्यावर ठेविला, आणि पाय उचलला. तो तेथवर पोंचला नाहीं. दुसऱ्यांदा कोणी तरी स्टूल आणलें. स्टुलावरहि आधीं चढावेंच लागतें. तिसऱ्यांदा चिरंजीव म्हणाले, "आई, मी उचलून ठेवतों." त्यावर त्या म्हणाल्या, "नको रे बाळा, लोक बघतात. रिक्षा बोलाव." मिरज ते कुपवाड हें अंतर आम्हीं उभयतांनीं रिक्षांतून कापिलें. वाटेंत कारखान्याकडे निघालेल्या उसाच्या गाड्यांमागें आम्ही बराच वेळ अडकलों. मागच्या कांचेंतून जीप दिसत होती. ती आम्हांला मागें टाकून पुढें गेली नाहीं. रिक्षामागून तशीच हळूहळू येत राहिली.

दुसऱ्या दिवशीं संध्याकाळीं जीप दारांत आली ती खालीं बसलेली. धोतर सोडून गृहस्थ जणूं ओसरीवर टेकले होते. टायर मूळचेच होते. चिरंजिवांनीं आंत येऊन पिशवींतून ते चार गोल ठोकळे काढले आणि स्वयंपाकघरांतल्या ओट्यावर ठेविले. कोणी कांहीं बोललें नाहीं. आमच्या कुटुंबानें ते खाटेवरूनच मागून घेतले, हातांत फिरवून पाहिले, आणि त्यांतले दोन आपल्याजवळ ठेवून घेतले. आतां पिण्याच्या पाण्याचा माठ आणि दुधाचें पातेलें त्यांवर बसतें. आढणीपेक्षां ते बरे, डगमगत नाहींत, असें त्यांचें मत आहे. उरलेले दोन चिरंजिवांनीं आपल्या खोलींतल्या फळीवर ठेविले आहेत. ते कशासाठीं, हें आम्हीं विचारलेलें नाहीं.