काटा मध्ये आला की

बुलेटला किक मारायची एक रीत असते. चावी फिरवायची, किक हळूहळू दाबत अँपिअर मीटरचा काटा बरोबर मध्ये आणायचा. डीकॉम्प दाबून किक अगदी थोडी पुढे सरकवायची, डीकॉम्प सोडायचा, पाय वर घ्यायचा आणि मग अंगाचं सगळं वजन टाकून एकच किक. घाई केली तर गाडी पाय उलटा फेकते. अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, मला हे अकरावीत शिकवलं. ते वाळवा तालुक्यातल्या एका साखर कारखान्यात फिटर होते आणि त्यांची बुलेट १९८४ची होती. उजव्या पायाला गिअर, डाव्या पायाला ब्रेक.

मी किक मारायला शिकलो आणि तिथेच थांबलो. रविवारी अण्णा अंगणात पोतं अंथरून कार्ब्युरेटर उघडायचे आणि हाक मारायचे, "ये, नुसतं बघ तरी." मी आतून सांगायचो, "अभ्यास आहे." अभ्यास कधी कधी खरंच असायचा. पुढे कॉम्प्युटर इंजिनिअरिंग केलं, पुण्यात नोकरी लागली आणि दोन वर्षांपूर्वी एका बँकेच्या प्रोजेक्टवर मँचेस्टरला आलो.

गेल्या जुलैत आईचा फोन आला. अण्णांच्या डाव्या हाताला कंप सुटलाय, क्लच धरवत नाही, गल्लीच्या तोंडाशी गाडी अंगावर घेऊन पडले. कुणीतरी गाडी मागतंय, पैसेही बरे देतोय, पण हे हो म्हणत नाहीत. "तू सांग, तुझं ऐकतील." दोन मीटिंगच्या मध्ये दहा मिनिटं होती. मी अण्णांना फोन लावला आणि म्हणालो, "विकून टाका. पडून गंजण्यापेक्षा बरं." ते "बघू" म्हणाले. मी पुढच्या मीटिंगला गेलो.

मी राहतो त्या घराचे मालक अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत. आयुष्यभर लेथवर काम केलेला माणूस. मनातल्या मनात मी त्यांना आजोबाच म्हणतो. त्यांच्या गॅरेजमध्ये १९४१ची बीएसए एम-२० आहे. बीएसए म्हटलं की आपल्याला सायकल आठवते, पण नाव मूळचं बर्मिंगहॅमच्या बंदुकांच्या कारखान्याचं. एम-२० ही दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश सैन्याने वापरलेली पाचशे सीसीची गाडी. ताकद जेमतेम १३ हॉर्सपॉवर, पण ओढायला बैलासारखी. गेल्या वर्षी आजोबांच्या उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. गाडी चालवता येते, किक मारता येत नाही. मुलगा ऑस्ट्रेलियात. एकदा बोलता बोलता मी फुशारकी मारली होती की बुलेटला किक मारत मोठा झालोय. ऑगस्टमध्ये त्यांनी दार वाजवलं आणि विचारलं, "आठवडाभर सुट्टी मिळेल का? मला एक पाय हवाय."

अशा रीतीने मी आयल ऑफ मॅनला गेलो. हेशमहून बोटीने पावणेचार तास. इंग्लंड आणि आयर्लंडच्या मधलं हे बेट सुमारे बावन्न किलोमीटर लांब आहे. त्याची स्वतःची संसद आहे आणि मोटरसायकलच्या इतिहासात त्याला जे स्थान आहे ते या संसदेमुळेच. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ब्रिटनमध्ये ताशी वीस मैलांची मर्यादा होती आणि शर्यतीसाठी रस्ते बंद करायची परवानगी नव्हती. मॅनच्या संसदेने १९०४मध्ये तसा कायदा केला. १९०७मध्ये पहिली टुरिस्ट ट्रॉफी, म्हणजे टीटी, इथे झाली. १९११पासून ती डोंगरावरून जाऊ लागली. आजचा एक फेरा ३७.७३ मैलांचा आहे, आणि तो गावांतून, घरांच्या भिंतींना घासून जातो.

आमची मात्र शर्यत नव्हती. ऑगस्टच्या शेवटी जुन्या गाड्यांची आठवडाभराची रॅली असते. रोज सकाळी मार्गाचा कागद मिळतो, त्याप्रमाणे बेटावर फिरायचं, मध्ये कुठल्यातरी चर्चच्या हॉलमध्ये चहा आणि सँडविच, संध्याकाळी परत. "व्हिंटेज" हा शब्द आपण कुठल्याही जुन्या गाडीला लावतो, पण इथे त्याचा हिशोब ठरलेला आहे. १९१५च्या आधीची ती व्हेटरन, १९१५ ते १९३०ची व्हिंटेज, १९३१ ते १९४५ची पोस्ट-व्हिंटेज. म्हणजे ऐंशी वर्षं ओलांडूनही आमची एम-२० काटेकोरपणे व्हिंटेज नव्हतीच. आजोबांना याचं थोडं वाईट वाटायचं.

पहिल्याच सकाळी माझी फुशारकी उतरली. एम-२०मध्ये स्पार्क मॅग्नेटो देतो, त्याला बॅटरी लागत नाही, म्हणून काटा बघून काही कळत नाही. कंप्रेशन कुठे आहे ते पायालाच समजायला हवं. शिवाय हँडलवर एक छोटी दांडी असते, तिने स्पार्क मागे-पुढे करता येतो. सुरू करताना तो मागे घ्यायचा. मी विसरलो. किक उलटी आली आणि घोट्यातून कळ मस्तकात गेली. चाळीस-पन्नास म्हातारे बघत होते. कुणी हसलं नाही. एकाने थर्मासमधला चहा दिला, दुसऱ्याने बूट काढायला लावून घोटा दाबून पाहिला. आजोबा म्हणाले, "बघणं सोड. पायाने ऐक." तिसऱ्या किकला गाडी लागली.

पुढचे तीन दिवस मी त्यांच्या मागे बसून बेट पाहिलं. माझ्या लक्षात राहिली ती माणसं. प्रत्येक थांब्यावर कुणीतरी गुडघ्यावर बसलेलं आणि त्याच्याभोवती पाच जण वाकलेले. जवळजवळ सगळे सत्तरीच्या पुढचे. त्यांच्यात मी एकटा असा, ज्याच्या नखांत ग्रीस नव्हतं. मी बँकेतल्या जुन्या सिस्टिमवर काम करतो. ती लिहिणारी माणसं निवृत्त झालीत. आमच्याकडे जुन्या कोडला "लेगसी" म्हणतात, म्हणजे वारसा. पण सुरात अर्थ असतो कचरा. हात कुणी लावत नाही, कारण कशामुळे काय चालतं हे कुणाला ठाऊक नाही. इथे तीच अडचण होती, फक्त ही माणसं एकमेकांना ते सांगत बसली होती.

बुधवारी मार्ग दक्षिणेच्या क्रेगनीश गावातून होता. मॅनची स्वतःची मँक्स भाषा आहे. ती आईच्या दुधाबरोबर शिकलेला शेवटचा माणूस, नेड मॅड्रेल, लहानपणी या गावात आजीच्या बहिणीकडे वाढला आणि तिच्याकडून ही भाषा बोलायला शिकला. तो १९७४मध्ये वारला. पण त्याआधी काही माणसं त्याच्याकडे येऊन बसत, ऐकत, रेकॉर्ड करत, शिकत. आज बेटावर मँक्स माध्यमाची प्राथमिक शाळा आहे, २००१ पासून. मी दगडी भिंतीवर बसून सँडविच खाल्लं आणि अण्णांची "नुसतं बघ तरी" ही हाक आठवली. मला तेव्हा बसायला काय झालं होतं?

गुरुवारी रॅमसेहून डोंगराचा रस्ता धरला. ६२१ मीटरचा स्नेफेल त्याच बाजूला. रॅमसे सोडून बरंच वर आलो आणि गाडी खोकून बंद पडली. वीस मिनिटांनी लागली, पुन्हा थोडं अंतर चालली, पुन्हा बंद. आजोबांनी प्लग पाहिला, स्पार्क होता. पाइप काढला, पेट्रोल येत होतं. संध्याकाळी शर्यतीच्या सरावासाठी हा रस्ता बंद होणार होता. आजोबांचा चेहरा उतरला. "मॅग्नेटो गेला असेल. ही शेवटचीच रॅली," ते म्हणाले.

मला काय सुचलं माहीत नाही, मी अण्णांना व्हिडिओ कॉल लावला. तिकडे संध्याकाळचे साडेचार. ते अंगणात बसले होते. मी गाडी दाखवली, लक्षणं सांगितली. त्यांनी फोन डोळ्यांजवळ नेला.

"झाकण बदललंय का टाकीचं?"

मी विचारलं. नाही, पण रॅलीसाठी आजोबांनी ते घासून पॉलिश करून चकाचक केलं होतं.

"झाकण उघड आणि कान लाव."

उघडलं. सुस्स करून हवा आत गेली.

"झाकणाला बारीक भोक असतंय. त्यात पॉलिश बसलंय. हवा आत जात नाही तर पेट्रोल खाली कसं येईल? थांबला की हळूहळू भरतंय, म्हणून परत चालू होतीया. पिन घाल त्यात."

मी हे इंग्रजीत सांगू लागलो, पण आजोबांनी "सुस्स" ऐकलं होतं. ते डोक्याला हात लावून हसत सुटले. कोटाला लावलेली सेफ्टी पिन काढून त्यांनी स्वतः भोक मोकळं केलं. मी पायाने ऐकलं, किक मारली, गाडी लागली. दोघेही म्हातारे फोनच्या दोन बाजूंनी बराच वेळ त्या आवाजाकडे कान लावून होते.

मग मी म्हणालो, "अण्णा, बुलेट विकू नका. मी दिवाळीत येतो, मला शिकवा."

"सोमवारी गेली रे," ते म्हणाले. "तूच म्हणालास ना."

वाऱ्यामुळे नीट ऐकू आलं नाही असं मी दाखवलं. ते पुढे सांगत राहिले. पलूसकडचं आयटीआयचं पोरगं आहे. पैसे बापाने दिले, पण गाडी त्याला हवी होती. दोन तास थांबवून घेतलं, काटा मध्ये आणायला शिकवलं, तेव्हाच चावी दिली. "चांगलंय पोरगं. प्रश्न विचारतंय."

त्या वाक्यात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं.

रॅलीचे उरलेले दिवस नीट गेले. परतीच्या बोटीत आजोबा म्हणाले की दर रविवारी गॅरेजमध्ये येत जा, नुसता पाय पुरत नाही. मी जातो. सोमवारच्या मीटिंगमध्ये नखं टेबलाखाली ठेवतो. गाडी आपल्याकडे राहिली नाही याचं दुःख अजून आहे, पण ते आता बरोबर जागेवर आहे: मला गाडीपेक्षा त्या अंगणातल्या पोत्यावरची जागा हवी होती आणि ती मी बारा वर्षं रिकामी ठेवली.

पलूसचा मुलगा अण्णांना दर रविवारी फोन करतो असं आई सांगते. अण्णांच्या हाताला कंप आहे, पण त्या फोनवर बोलताना आवाज खणखणीत असतो.

मागच्या रविवारी गॅरेजमधून मीही लावला. म्हटलं, "अण्णा, कार्ब्युरेटर उघडलाय. फ्लोट कसा बसतो ते बघता का?"

ते म्हणाले, "दोन मिनिटं थांब. त्या पोराचा फोन चालू आहे."

मी थांबलो.