आठाच्या पटीतली माणसे

आकड्यात माणसाचे नाव नसते, म्हणून आकडा निरुपद्रवी, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. आम्हांला मात्र लहान आकड्यांची भीती वाटते. कोकणातल्या ज्या खेड्यात आम्ही वाढलो, तिथे आमच्या लोकांची घरे चार. कुठल्याही पाहणीच्या कागदावर 'मुस्लिम कुटुंबे – ४' एवढे लिहिले की नावे लिहिण्याची गरजच उरत नाही. त्यांतले एक विधवेचे, असे पुढे लिहिले तर तो उंबरा कोणता, हे गावातले शेंबडे पोरही सांगेल. शहरातल्या हजारोंत मिसळलेला माणूस आकड्याआड लपतो. खेड्यात तोच आकडा त्याचे बोट धरून त्याला चावडीवर उभा करतो.

आमचा एक भाचा आखातात संगणकाचे काम करतो. सुट्टीत घरी आला असता त्याने आम्हांला 'टोर' नावाच्या जाळ्याची माहिती दिली. १९९० च्या दशकात अमेरिकी नौदलाच्या संशोधन प्रयोगशाळेत या कल्पनेचा जन्म झाला, २००२ मध्ये टोर लोकांच्या हाती आले. हजारो स्वयंसेवक आपापले संगणक त्यासाठी चालू ठेवतात. आपला संदेश अशा तीन संगणकांतून फिरून जातो. पहिल्याला आपण कोण ते कळते, पण कुठे निघालो ते कळत नाही. शेवटच्याला मुक्काम कळतो, पण प्रवासी कळत नाही. पत्रकार, वकील, सरकारच्या नजरेखाली जगणारे लोक त्याचा आधार घेतात.

भाच्याने मग या जाळ्याचे आलेख दाखवले. कोणत्या देशातून रोज साधारण किती लोक ते वापरतात, याची रेषा. आम्ही विचारले, "अरे, माणूस ओळखू द्यायचा नाही ही ज्याची शपथ, त्याने माणसे मोजायचीच कशाला?"

तो म्हणाला, "मामू, मोजले नाही तर दार कुणी बंद केले हे कळणार कसे?"

त्याचे म्हणणे खरे होते. २००९ च्या सप्टेंबरात चीनने टोरची जाहीर ठिकाणे अडवली, २०११ च्या जानेवारीत इजिप्तने देशाचे इंटरनेटच तोडले. अशा वेळी ती रेषा कोसळते आणि जगाला पुरावा मिळतो. मोजणे आवश्यकच आहे. प्रश्न आहे तो कसे मोजायचे आणि किती सांगायचे याचा.

ती रीत आम्ही त्याच्याकडून समजून घेतली. आलेला पत्ता पाहून संगणक फक्त देश ठरवतो, त्या देशाच्या खात्यात भर घालतो. प्रसिद्ध होते ती बेरीज, पत्ता नव्हे. बेरीजही तासातासाची नाही, चोवीस तासांची. शिवाय ती ८ च्या पटीत वर नेऊन सांगतात. एखाद्या लहान देशातून एकच माणूस आला तरी ८, सात आले तरी ८. तो एकटा माणूस नसलेल्या सात जणांच्या घोळक्यात उभा राहतो. आमच्या खेड्यातल्या चार घरांना असा घोळका कधी मिळाला नाही.

पण एवढ्याने भागत नाही. आठ माणसे आधीच कुणाला ठाऊक असतील, तर ८ चे १६ होताच नववा आला हे कळते. म्हणून टोरवरच्या गुप्त सेवांची आकडेवारी द्यायची वेळ आली, तेव्हा बेरजेत मुद्दाम थोडी यादृच्छिक गडबड मिसळण्याचे ठरले. एका माणसाच्या येण्याजाण्याने होणारा फरक त्या गडबडीत बुडून जातो. मोठी बेरीज मात्र कामापुरती खरी राहते. नेमकेपणा थोडा जातो, लहान देशांची रेषा उड्या मारते. ती किंमत जाणूनबुजून मोजली जाते.

आम्हांला सर्वांत भावली ती वेगळीच गोष्ट. जे जमवायला नको ते मुळात जमवायचेच नाही आणि जे जमवले ते सर्वांना सारखे खुले ठेवायचे. खास लोकांसाठी राखून ठेवलेली चोपडी नाही. २००८ मध्ये अमेरिकेतल्या काही संशोधकांनी टोरमधून बाहेर पडणाऱ्या संदेशांचा सुरुवातीचा भाग नोंदवून अभ्यास केला, तेव्हा त्यांच्यावर कडक टीका झाली. नियत अभ्यासाची होती, पण लोकांची अमानत त्यांना न विचारता उघडली गेली होती.

हे सारे दूरच्या यंत्रांचे वाटते खरे. पण आकड्यांनी माणसे पकडून दिल्याचा इतिहास आहे. १९४२ मध्ये अमेरिकेत जपानी वंशाच्या नागरिकांना छावण्यांत नेले गेले, त्या वेळी खानेसुमारीचे वस्तीवार तक्ते कामी आले. २००४ मध्ये उघड झाले, की त्याच खात्याने अरब वंशाच्या रहिवाशांचे पिनकोडवार आकडे देशांतर्गत सुरक्षा विभागाला दिले होते. त्यात एकही नाव नव्हते, कायदाही मोडला नव्हता. तरी त्या वस्त्यांतून लोकांना धास्ती बसली. ती अनाठायी होती, असे आम्ही तरी म्हणणार नाही.

आम्ही आकड्यांचे वैरी नाही. आपल्या मुलींच्या शाळागळतीचे, आपल्या तरुणांच्या बेकारीचे आकडे नसतील तर आपले गाऱ्हाणे ऐकणार कोण? मोजणी हवीच. आपल्याच जमातींच्या, संस्थांच्या पाहण्या निघतात, तेव्हाही तक्ता छापण्यापूर्वी एक प्रश्न स्वतःला विचारायला हवा : या रकान्यात शेजाऱ्याला आधीच ठाऊक असलेली एक गोष्ट मिळवली, तर कोणाचे घर उघडे पडेल? एखादे जरी पडत असेल, तर गाव सोडून तालुक्याची बेरीज द्यावी. तक्ता थोडा ढोबळ होईल, पण त्या विधवेच्या दारापर्यंत कुणी पोहोचणार नाही.