ओळखीच्या माणसाचा पास

संशय हा माणसाचा दुर्गुण मानला जातो. पहारेकऱ्याचा मात्र तो सद्गुण असतो. ही साधी गोष्ट मी लहानपणी ऐकली होती. पण ती पटण्यासाठी मला संगणकापुढे बसावे लागले, आणि त्या पटण्याची किंमत जबर पडली.

वडील १९६० साली नागपूरहून भिलाईच्या पोलाद कारखान्यात नोकरीला आले. येथील पहिली झोतभट्टी आदल्याच वर्षी सुरू झाली होती. १९५६ पर्यंत दुर्ग जिल्हा आणि नागपूर एकाच प्रांतात होते. म्हणून आईला हा मुलूख अगदीच परका वाटला नसावा. तरी भाद्रपदी पौर्णिमा आली की तिला माहेर आठवे. कोजागिरीपर्यंत रोज संध्याकाळी सेक्टरातल्या मराठी बायका आणि मुली आमच्या क्वार्टरच्या अंगणात जमत आणि भुलाबाईची गाणी म्हणत. पुढे ती गाणी आईच्या आवाजात कॅसेटांवर उतरली. कॅसेटा एकूण अकरा.

आई गेल्यावर मी त्या संगणकावर उतरवून घेतल्या. आवाज जरादेखील कमी होऊ नये म्हणून मिनिटाला सुमारे १० एमबी जागा देण्याची उधळपट्टी केली. मग गाण्यांची यादी आणि चित्रे नीट मांडून ठेवणारे एक माध्यम-सॉफ्टवेअर घेतले. पण गाणे लावावे आणि आईने ऐन ओळीत थबकावे, असे वारंवार होऊ लागले. जन्मभर जिचा सूर कधी अडखळला नाही, तिला हे यंत्र अडखळायला लावीत होते! मला ते सोसवेना.

दोष अँटीव्हायरसचा, असे कोणीसे सांगितले. मी सेटिंग्जमध्ये शिरलो. तेथे ‘एक्सक्लूजन’ नावाचे एक दालन असते. तेथे नोंदवलेल्या गोष्टींची झडती होत नाही. मी मागचापुढचा विचार न करता सारी डी ड्राइव्ह तेथे नोंदवून टाकली. गाणी झुळझुळ वाहू लागली आणि मी स्वतःवर खूष झालो.

दोन महिन्यांनी एका लग्नाच्या छायाचित्रांचा पेनड्राइव्ह आला. मी तो त्याच डी ड्राइव्हवर उतरवला आणि छायाचित्र समजून भलत्याच फाइलीवर बोट दाबले. पहारेकऱ्याला मीच घरी पाठवले होते. त्याने काही विचारले नाही. संध्याकाळपर्यंत साऱ्या फाइलींना कुलपे लागली होती आणि किल्लीसाठी पैसे मागणारी चिठ्ठी पडद्यावर झळकत होती. दुसरी प्रत मी कोठेही ठेवली नव्हती.

दहा कॅसेटा पुन्हा उतरवता आल्या. अकरावीला बुरशी लागली होती. काम झाले म्हणून ती मी फेकून दिली होती.

रायपूरहून भाचा आला. रागावला नाही, हेच मला अधिक लागले. तो म्हणाला, “मामा, गाणे जड नव्हते. तुमचे सॉफ्टवेअर पाठीमागे हजारो बारीक चित्रे आणि आपली नोंदवही सारखी उघडते, मिटते. अँटीव्हायरस प्रत्येक वेळी झडती घेतो. जुनी डिस्क थकते आणि गाणे थांबते. सवलत द्यायची ती तेवढ्यापुरतीच.”

विंडोजमधल्या डिफेंडरसारख्या पहारेकऱ्याला अशी सवलत निरनिराळ्या प्रकारे सांगता येते. फोल्डर सोडला, तर तो ठरावीक वेळच्या पूर्ण तपासणीतूनही सुटतो. प्रोसेस, म्हणजे चालता प्रोग्रॅम, सोडला, तर त्याने उघडलेल्या फाइली तेवढ्या त्या क्षणी तपासल्या जात नाहीत. पूर्ण तपासणी त्यांनाही चुकत नाही. भाच्याने ड्राइव्हची सवलत प्रथम काढली. मग माझ्या सॉफ्टवेअरची प्रोसेस तिच्या संपूर्ण पत्त्यासह नोंदवली. नुसते नाव दिले, तर त्याच नावाचा तोतया दुसऱ्या दाराने शिरू शकतो. डाउनलोड आणि पेनड्राइव्ह यांना माफी नाही. शिवाय गाण्यांची एक प्रत वेगळ्या डिस्कवर ठेवली. ती डिस्क आता कपाटात असते.

तो हे करीत असता मला कारखान्याचे फाटक आठवले. १९६९ मध्ये केंद्रीय औद्योगिक सुरक्षा बल स्थापन झाले आणि पुढे त्याचे जवान येथे पहाऱ्यावर आले. त्यांतला एक जवान वडिलांना रोज हसून नमस्कार करी आणि रोज पास मागे. मी एकदा चिडून विचारले, “तो तुम्हांला ओळखतो ना?”

वडील म्हणाले, “मला ओळखतो. माझ्या पिशवीला कुठे ओळखतो?”

आता दहा कॅसेटा न अडखळता वाजतात. अकरावीतली गाणी आईबरोबर म्हणणाऱ्या एक काकू अद्याप सेक्टरात आहेत. दर रविवारी वही घेऊन मी त्यांच्याकडे जातो. शब्द त्यांना बरेच आठवतात. चालीपाशी मात्र त्या थबकतात आणि माझ्याकडे पाहतात.